फक्कीबाई

सामना सुरू झाला की सगळं गाव पळणाऱ्या पोरीकडं बघायचं आणि बाई बसलेल्या पोरींकडं बघायच्या. खो-खोत आठ जणी मधल्या पाटीवर बसतात आणि नववी पाठलाग करते. आमची नजर त्या नववीच्या मागं. ती हुकली की आम्ही कपाळाला हात लावायचो, तिनं गडी मारला की टॉवेल उडवायचो. बाईंचा चेहरा तेवढा हलायचा नाही. एकदा मी त्यांना म्हणालो, "बाई, तिकडं पोरगी खांबापाशी पोचली आन् तुमी हिकडं काय बघताय?" म्हणाल्या, "तात्या, पळणारीला समदं गाव बघतंय. पाचव्या चौकोनातली कंटाळलीया, तिला कोण बघणार?" पुढचा खो नेमका पाचवीलाच मिळाला. ती उठेपर्यंत गडी निसटून पार दुसऱ्या टोकाला.

बाई आमच्या निरवांगीच्या शाळेत खेळ शिकवायच्या, पण त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणी घेतलं नाही. हाताला फक्की, साडीच्या काठाला फक्की, कॅनव्हासच्या बुटांवर फक्की, कधी कधी चष्म्याच्या काचेवरसुद्धा. मैदानावर रेघा आखायची ती पांढरी भुकटी त्यांच्या अंगावरून कधी गेलीच नाही. म्हणून फक्कीबाई. तोंडावर आम्ही नुसतं बाई म्हणायचो.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाळेत समारंभ झाला. भाषणं झाली. कुणी म्हणालं अथक परिश्रम, कुणी म्हणालं कुशल मार्गदर्शन. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो आणि त्या सगळ्या बोलण्यात मला बाई कुठं दिसेनात. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनाचं मला सांगू नका. पण माझं रान मैदानाला लागून आहे आणि बाईंची सगळी नोकरी मी बांधावरून बघितली आहे. तेव्हा ह्या विषयावर गावात माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळत असेल तर त्यानं पुढं यावं.

बाई आल्या त्या साली माझी अलका आठवीत होती. बाई मूळच्या कऱ्हाटीच्या, आपल्याच बाजूच्या, त्यामुळं बोलण्यात आडपडदा नाही. आल्या आल्या एक नियम केला. संघात जी सगळ्यात चांगली खेळते तिनं रोज मैदान आखायचं. दोरी धरायची, वाकून फक्की सोडायची, चौकोन मारायचे. सामना असो नसो, रोज. बाकीच्या पोरी तोवर पळून अंग मोकळं करायच्या. अलका चपळ होती, म्हणून हे काम तिच्या वाट्याला आलं. ती घरी येऊन कुरकुरली, तशी मी शाळेत गेलो. म्हणालो, "चांगली खेळती म्हणून शिक्षा व्हय?" बाई म्हणाल्या, "चांगली खेळती म्हणून तिचं डोकं वर जातंय. दिवसातनं एकदा खाली वाकू द्या." मला ते पटलं नाही. पण अलकानं त्या दिवसापासून कुरकुर केली नाही, हेही खरं.

मग एक दिवस बाईच माझ्या बांधावर आल्या. मैदान मुरमाड होतं, ऑगस्टातसुद्धा कोरडं ठणठणीत. म्हणाल्या, "तात्या, मैदानाला पाणी पायजे." मी म्हणालो, "तितं काय पिकतंय? माझ्या डाळिंबाला पुरंना." बाईंनी विनवणी केली नाही. एवढंच विचारलं, "अलकाचं गुडघं बघितलं का कधी?" बघितले नव्हते. संध्याकाळी पोरीला परकर वर घ्यायला लावला तर दोन्ही गुडघ्यांची सालटं निघालेली, त्यावर हळद. मी उठलो आणि पाइप मैदानात सोडला. बायको म्हणाली, बागेचं काय? मी म्हणालो, सोडलं म्हणजे सोडलं. तेव्हापासून आजपर्यंत मैदानाचं पाणी मी कधी चुकवलेलं नाही. दोन सरपंच येऊन सांगून गेले की पाणी जपून वापरा. त्यांना मी चहा पाजला.

पहिली काही वर्षं आम्ही नुसते हरलो. तालुक्याला जायचं आणि दुपारच्या एसटीनं परत यायचं. बाई हरल्यावर ओरडायच्या नाहीत. जिंकलेल्या शाळेच्या सरांकडं जायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या पोरी आमच्याकडं खेळायला पाठवा की एकदा." कोण पाठवतंय? एका सरांनी तर हसून विचारलं, "रोज हरायची हौस आहे का, बाई?" बाई म्हणाल्या, "व्हय, तीच हौस हाय." परत येताना गाडीत त्या मला म्हणाल्या, "तात्या, आपल्या पोरींना हरवायला गावात कुणी न्हाय. म्हणून बाहेर हरत्यात." मला वाटलं, उन्हानं बाईंचं डोकं तापलंय.

पण बाईंनी त्यावर तोड काढली आणि ती आमच्याच घराघरांतून काढली. तोवर त्यांच्या हाताखालच्या पहिल्या पोरी शाळा सोडून गेल्या होत्या, काहींची लग्नं झाली होती. माझी अलका माळेगाव बुद्रुकला दिलेली, जावई साखर कारखान्यात. ह्या सगळ्या नागपंचमीला माहेरी येतात. बाई घरोघर फिरल्या आणि सांगून आल्या, पंचमीच्या दिवशी दुपारी माहेरवाशिणींनी मैदानावर यायचं. शाळेचा संघ एका बाजूला, गावच्या लेकी दुसऱ्या बाजूला.

पहिल्या पंचमीला आमच्या लोकांनी घोळ घातला. गावाला वाटलं हा लेकींचा सत्काराचा कार्यक्रम आहे. कुणी नारळ आणले, कुणी हळदीकुंकवाचं ताट. डाव सुरू झाला आणि शाळेच्या पोरी थोरल्या बहिणींच्या मागं पळेनात. मान म्हणून सगळ्या हळू. एक आठवीतली पोरगी तर आपल्या चुलत बहिणीला गाठून उभी राहिली, पाठीवर थाप मारायची सोडून वाकून तिच्या पाया पडली. सगळं मैदान हसलं. बाई मधल्या पाटीवर आल्या. म्हणाल्या, "मान घरी द्या. हितं जिला तुमी हळू मारताय, तिचा तुमी अपमान करताय." मग माहेरवाशिणींना म्हणाल्या, "आन् तुमी गं? सासरी जाऊन म्हाताऱ्या झाला व्हय?" अलकानं पदर खोचला. पुढच्या डावात तिनं खांबावर असा सूर मारला की शाळेच्या तिघी एका दमात गेल्या. आमच्या पोरी पंचमीला सपाटून हरल्या आणि त्याच साली पहिल्यांदा तालुका जिंकल्या.

तिथून जी गाडी सुटली ती सुटली. तालुका आमचाच असं लोक धरून चालायला लागले. जिल्ह्याला आमचं नाव आलं की समोरच्या पोरींचे चेहरे पडायचे. पहिल्यांदा जिल्हा जिंकला तेव्हा गावानं मोठी मिरवणूक काढली, ट्रॅक्टर सजवला, हलगी लावली. बाईंनी मिरवणुकीला नाही म्हटलं नाही. ट्रॅक्टर शाळेपाशी आला तशा पुढं झाल्या आणि पोरींना म्हणाल्या, "झाली न्हवं मिरवणूक? उतरा. फक्की मारायची ऱ्हायलीया." गळ्यातले हार खांबाला अडकवून पोरी सरावाला लागल्या. हलगीवाला बिचारा उगाच थोडा वेळ वाजवत राहिला.

एकदा शहरातले खो-खो शिकवणारे एक सर मुद्दाम गाडी करून आले होते. चांगला माणूस. त्यांनी विचारलं, बाई, आहार काय देता, व्यायाम कोणता, तुमचं तंत्र काय? बाई म्हणाल्या, "आमच्या लेकी माहेराला येत्यात." सरांना वाटलं बाई विषय टाळताहेत. टाळत नव्हत्या. आमच्या शाळेच्या पोरी दरवर्षी अशा बायकांशी खेळायच्या ज्या स्वतः जिंकून गेलेल्या होत्या. जिल्ह्यात त्यांच्यापुढं जो संघ यायचा तो त्याहून मऊच असायचा. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण पंचमी आली की त्यांच्याइतकी लगबग गावातल्या कुठल्या आईची नसायची.

आणि एका पंचमीला हे सगळं मोडायला आलं, ते माझ्याच घरावरून.

माझे व्याही, अलकाचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात. त्या दिवशी इंदापूरला काही कामाला आले होते, म्हणाले सुनेला नेतानाच जावं. घरी कुणी नाही म्हणून सरळ मैदानावर आले. आले ते नेमके अलकानं खांबावर सूर मारला तेव्हा. पाणी मारलेलं मैदान, ती सगळी चिखलानं भरलेली, केस सुटलेले, आणि भोवती गावचे बाप्ये टाळ्या वाजवताहेत. आबा तसेच माझ्यापाशी आले. टोपी सारखी केली आणि म्हणाले, "पाव्हणं, सून माझी हाय. चार माणसांत ती अशी लोळणार असंल तर पंचमीला माहेर बंद."

मी म्हणालो, "लेक माझी हाय."

आणखी बरंच बोलणार होतो. तेवढ्यात बाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "तात्या, पाइप बंद करा जावा, पाणी वाया चाललंय." पाइप कधीच बंद केला होता, हे बाईंनाही दिसत होतं. मी त्यांच्याकडं बघितलं आणि गेलो. परत आलो तोवर आबा अलकाला घेऊन निघून गेले होते. माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

पुढच्या पंचमीला अलका आली नाही. माळेगावची आली नाही म्हटल्यावर आणखी काही घरांना निमित्त मिळालं. आमची तरी कशाला, म्हणाले. मैदानावर मोजक्याच लेकी उतरल्या, त्याही बिचकत. शाळेच्या पोरी सहज जिंकल्या. गावानं टाळ्या वाजवल्या. बाईंनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "हे जिंकणं काय कामाचं न्हाय, तात्या."

तसंच झालं. जिल्ह्याला शेवटच्या सामन्यात आमच्या पोरी मागं पडल्या आणि मागं पडल्यावर काय करायचं हेच त्यांना सुचेना. एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. येताना एसटीत सगळ्या रडत होत्या. मी समजूत घालायला म्हणालो, पोरी चांगल्या खेळल्या. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "खेळल्या. पर आपुन हरू शकतो हे त्यांना आज कळलं. ते पंचमीला कळायला पायजे हुतं." मग म्हणाल्या, "एक-दोन वर्सं अशी गेली की ही प्रथा मोडली. आन् मग संघ ऱ्हाणार न्हाय, नुसत्या पोरी ऱ्हातील."

मी व्याह्याशी भांडायला तयार होतो. मला भांडण येतं. पण बाई म्हणाल्या, "तुमी भांडला तर त्यांना न्हाय म्हणायला सोपं जाईल."

पुढची पंचमी आली. बाईंनी सकाळीच टेम्पो ठरवला, शाळेचा सगळा संघ आत घातला, फक्कीचं पोतं टाकलं, दोन बांबू टाकले. मी जाऊन पुढं बसलो. बाई म्हणाल्या, "यायचं तर या. तितं तोंड उघडायचं न्हाय." मी कबूल झालो, आणि माझ्या आयुष्यात मी एवढं अवघड काही कबूल केलेलं नाही.

माळेगावात आबांच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते. पोरी एकेक करून उतरल्या आणि अंगणात रांगेनं उभ्या राहिल्या. सुनेच्या माहेरची माणसं, तीही सणाच्या दिवशी. आबांना उठावंच लागलं. मला म्हणाले, "या पाव्हणं." मी मान हलवली. "बोलत का न्हाय?" आबांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "त्यांना मीच गप बसवलंय. आबा, गेल्या साली आमी जिल्ह्याला हरलो. आमच्या पोरींना हरवणारी बाई तुमच्या घरात हाय. पंचमीला माहेर बंद हाय म्हणून माहेरच हिकडं घेऊन आले. दोन डाव खेळू द्या, आमी जातो."

"आन् न्हाय दिलं तर?"

"तर चहा पिऊन जाऊ. तुमच्यावर राग न्हाय."

आतून आमच्या विहीणबाई आल्या, हाताला पुरण लागलेलं. म्हणाल्या, "पोरी उन्हात उभ्या हाईत. काय ते एकदा सांगून टाका, पुरणाची दिंडं निवाय लागल्यात." आबांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, "मागच्या आवारात खेळा. रस्त्याच्या अंगाला न्हाय."

मागच्या आवारात उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. त्या ढकलून बाजूला केल्या. बांबू रोवले, फक्की मारली. अलका आली. आमच्या गावच्या आणखी दोघी त्याच भागात दिलेल्या, त्या निरोप मिळाल्याबरोबर आल्या. तेवढ्यानं संघ होईना. मग गल्लीतल्या सुना पुढं झाल्या. मी शाळेत खेळले आहे, मीपण खेळले आहे, असं एकेक निघालं. कुणाच्या माहेरचं गाव कुठलं, कुणाचं कुठलं, पण पदर खोचून पाटीवर बसल्यावर सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या. आबांनी बाज आणून लांब टाकली आणि पेपर तोंडापुढं धरला.

दुसऱ्या डावात अलका पळत होती. आमच्या नववीतल्या पोरीनं मागून झेप घेतली आणि बाईंनी हात वर केला. "बाद."

पेपर खाली आला. "कुठं बाद? हात लागलाच न्हाय. मी हितनं बघतुया."

"आबा, पंच मी हाय."

"पंच तुमी, पर निरवांगीच्या. आमच्या माळेगावच्या पोरीला कशाला न्याय द्याल?"

आबा बाजेवरून उठून रेघेपर्यंत आले होते. अलका खाली मान घालून उभी, खांदे हसण्यानं हलताहेत. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मी दिलेला शब्द पाळायला टॉवेल तोंडात धरला. बाईंनी निर्णय काही बदलला नाही. आबा त्यावर पुरणाचं दिंड खाताना बोलत होते, आम्ही टेम्पोत बसलो तरी बोलत होते. "हात लागलाच न्हाय, पाव्हणं. तुमी तर बघितलं न्हवं?" बघितलं होतं. लागला होता.

पुढच्या पंचमीला आबा स्वतः सुनेला घेऊन निरवांगीला आले आणि ज्या घरांनी मागचं निमित्त काढलं होतं ती घरं आपोआप गप्प झाली. जिल्हा आमच्याकडं परत आला. आबा तेव्हापासून दरवर्षी येतात, दरवर्षी पंचांशी वाद घालतात. बाईंनी त्यांना कधी अडवलं नाही.

परवाच्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या असं मला वाटतं, पण त्याला वर्ष होऊन गेलं. जाताना बांधावर आल्या. म्हणाल्या, "तात्या, मी वर्सभर येणार न्हाय. फोनबी करणार न्हाय. मी असले की समद्या माझ्याकडं बघत्यात. आन् पंचमीला तुमी कुणाला बोलवायचं न्हाय. पाणी तेवढं सोडा." मी म्हणालो, आणि नाही झाला सामना तर? म्हणाल्या, "तर मी शिकवलं ते वाया गेलं असं समजायचं. ते मला कळायला पायजे."

नवीन सर तरुण आहेत, मनापासून शिकवतात, पण त्यांना पंचमीचं काही ठाऊक नव्हतं. सुट्टी म्हणून ते आपल्या गावी गेले. मी सकाळी पाणी सोडलं आणि बांधावर बसलो. कुणाला बोलवायचं नाही म्हणजे नाही. मैदान मोकळं. शाळेच्या फाटकाला कडी. उन्हं वर आली. बायकोनं जेवायला हाक मारली, मी उठलो नाही. दोनदा वाटलं की उठून घरं फिरावीत. कुणाला कळलंही नसतं. पण बाईंना जे समजून घ्यायचं होतं त्यात मी लबाडी करणार नव्हतो.

मग फाटकाची कडी वाजली. दहावीतली एक पोरगी फक्कीची बादली घेऊन आत आली. मागं दोरीची गुंडाळी घेतलेली दुसरी. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, वाकून रेघ मारायला लागल्या. चौकोन होईपर्यंत सगळा संघ आला. लेकी आल्या, कुणी कडेवर पोर घेऊन, कुणी नवऱ्याच्या गाडीवरून. अलका आली. आबा आले आणि आल्या आल्या विचारते झाले, यंदा पंच कोण. मी जेवलो नाही त्या दिवशी, पण मला भूक आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कऱ्हाटीला गेलो. बाई भावाच्या रानात भेंडी तोडत होत्या. मला बघून सरळ झाल्या. मी म्हणालो, "झाला सामना. कुणी बोलावलं न्हवतं."

"आपल्या पोरी हरल्या का?"

"हरल्या. लेकींनी पार पाणी पाजलं."

"बरं झालं," बाई म्हणाल्या, "मग जिल्ह्याला भ्या न्हाय." आणि परत भेंडीच्या ओळीत वाकल्या. बराच वेळ त्यांनी तोंड वर केलं नाही. जिल्ह्याला खरंच भ्यायचं कारण पडलं नाही, संघ जिंकून आला.

निघताना मी म्हणालो, "पुढल्या पंचमीला तुमाला न्यायला येणार." बाई म्हणाल्या, "मला कशाला? माझं माहेर हे हितं हाय." मी म्हणालो, "एवढ्या लेकी तुमी माहेराला आणल्या. तुमाला आणायला आजवर कोण आलं?" त्यांनी पदरातली भेंडी टोपलीत ओतली. मग नाही म्हणाल्या. फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हा परत एकदा नाही म्हणाल्या.

मी काही विचारायला गेलो नव्हतो, सांगायला गेलो होतो. पंचमी आता आठवड्यावर आली आहे. पोराला गाडी धुऊन ठेवायला सांगितली आहे.